वहाळाला काँक्रीट घालण्याआधी त्याची तब्येत कशी तपासायची?

प्रश्न : पाखाडीवाली

नमस्कार मंडळी. आमचं शहर रत्नागिरी जिल्ह्यातलं, खाडीकाठचं, नगरपरिषदेचं. सड्याच्या पायथ्याला जांभ्यातून एक झरा फुटतो, त्याचाच पुढे वहाळ होतो. दोन वसाहती, एसटी स्टँडची मागची बाजू, मग मासळी बाजार असा साडेतीन किलोमीटर येऊन तो खाडीला मिळतो. वरचा सडा धरून पाणलोट अंदाजे २०० हेक्टर. जुलैत बाजारात पाणी शिरतं, दिवाळी झाली की वास सुरू होतो आणि मार्चपासून स्टँडच्या मागे नुसतं काळं डबकं उरतं.

यंदा निधी येणार आहे. प्रभागाच्या बैठकीत तीन मागण्या पुढे आल्या : गाळ उपसून दोन्ही काठ काँक्रीटचे करा, काठाने झाडं लावा, मध्ये बंधारे घालून पाणी अडवा. यातलं आधी काय आणि कुठे, हे आकड्यांनिशी कुणालाच सांगता येत नाहीये. आम्ही आठ जण तो अभ्यास करायला तयार आहोत. हाताशी टीडीएस पेन (विरघळलेले क्षार दाखवणारं), पीएच पेन आणि मत्स्यालयाच्या दुकानातलं अमोनिया किट आहे. कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात विंकलरचं, म्हणजे पाण्यातला प्राणवायू मोजायचं सामान मिळेल.

विचारायचं ते असं : किती ठिकाणी आणि किती वेळा मोजायचं? खालच्या अर्ध्या किलोमीटरला भरतीचं पाणी चढतं, तिथले आकडे धरायचे की सोडायचे? प्रयोगशाळेत काय पाठवायचं? आणि मोजून झाल्यावर त्यातून दुरुस्तीचा क्रम कसा लावायचा?


उत्तर : जलमापक

ताई, पेन आधी पिशवीतच ठेवा आणि खाडीपासून झऱ्यापर्यंत वहाळातून चालत जा. पाऊस थांबून महिना-दीड महिना झाला की हे करायचं, म्हणजे गटारात जे पाणी दिसेल ते पावसाचं नाही हे नक्की असतं. वाटेत लागणारा प्रत्येक पाइप, गटाराचं तोंड, भिंतीतून पाझरणारी ओल वहीत घ्या : डावा काठ की उजवा (प्रवाहाच्या दिशेने तोंड करून), पाइपाचा व्यास, कोरडा की वाहता, खाली बुळबुळीत थर कसला. पांढुरका-करडा, कापसाच्या धाग्यांसारखा लोंबणारा थर असेल तर ते सांडपाणी. नारिंगी थर आणि वर तेलासारखा तवंग दिसला तर लगेच गॅरेजवाल्याला धरू नका. जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह असतं, लोहजिवाणूंचा तवंग अगदी तेलासारखा चमकतो. काठीने ढवळा. तवंगाचे काचेसारखे तुकडे झाले तर ते लोह, फाटून पुन्हा जुळला तर तेल.

मोजणीच्या जागा या फेरीतून ठरवा. समान अंतरावर जागा घेणं हा हमखास होणारा घोटाळा. संशयाच्या जागेच्या वर एक आणि खाली एक, तीही पाणी पुरतं मिसळल्यानंतर म्हणजे रुंदीच्या दहा-वीस पट पुढे, अशा जोड्या हव्यात. तुमच्या वहाळाला पाच जागा पुरतील. शिवाय शहराबाहेरचा, तसाच जांभ्यातून येणारा एखादा वहाळ साक्षीदार म्हणून घ्या. सड्यावरचं पाणी मुळात कसं असतं हे त्याच्याशिवाय कळणार नाही. आपल्याकडे स्वच्छ पाण्याचाही पीएच सहा-साडेसहा लागतो, तो पाहून प्रदूषण झालं म्हणणारे पुष्कळ भेटतात.

वेळ. सूर्य उगवण्याआधीचा अर्धा तास. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री सगळेच श्वास घेतात, म्हणून विरघळलेला प्राणवायू पहाटे सर्वांत कमी आणि दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत जास्त. सकाळी अकराला घेतलेला नमुना आजारी वहाळालाही ठणठणीत दाखवतो. २८ अंशांना गोड्या पाण्यात प्राणवायू जास्तीत जास्त ७.८ मि.ग्रॅ. प्रतिलिटर विरघळतो. दुपारी त्याहून जास्त आणि पहाटे दोनच्या खाली असेल, तर शेवाळ माजलंय, म्हणजे खत मिळतंय.

विद्युतवाहकता. तुमचं टीडीएस पेन बहुतेक वाहकताच मोजतं आणि ०.५ किंवा ०.७ ने गुणून पीपीएम दाखवतं. बटण दाबून ते मायक्रोसीमेन्सवर न्या, नाहीतर दोन पेनांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणात दर फेरीआधी तपासा. जांभ्यातलं पाणी फार हलकं असतं, शंभराच्या आसपास किंवा खाली. घरगुती सांडपाणी हजाराच्या घरात. एवढा फरक असल्यामुळे कोकणात हे स्वस्त पेन सांडपाणी हुडकायला देशावरच्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं. तिथे काळ्या मातीतलं पाणी मुळातच क्षारांनी जड असतं.

प्राणवायू. विंकलरच करा. ३०० मि.लि.ची बाटली पाण्याखाली धरून भरा, एकही बुडबुडा नको. मँगनस सल्फेट २ मि.लि. आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड २ मि.लि., पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. साका तपकिरी बसला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर शून्य. इथपर्यंत काठावर उरका. सल्फ्युरिक आम्ल २ मि.लि. घालून बाटली अंधारात ठेवली की अनुमापन त्याच सकाळी कॉलेजात करता येतं. २०३ मि.लि. घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने केलं तर १ मि.लि. म्हणजे १ मि.ग्रॅ. प्रतिलिटर, गुणाकाराची भानगड नाही. थायोसल्फेट ठेवून ठेवून कमजोर होतं आणि मग प्राणवायू खोटा जास्त येतो. दर आठवड्याला त्याची नॉर्मलिटी तपासा.

प्रवाह. हे बहुतेक गट सोडून देतात आणि मग सगळा अभ्यास लंगडा होतो. पाणी कुठे किती घाण आहे ते तुम्ही सांगाल, पण घाण कुठून किती येते ते प्रवाहाशिवाय कळत नाही. पाइपाखाली बादली धरा : १५ लिटर ९ सेकंदांत म्हणजे सेकंदाला १.७ लिटर. वहाळात दहा मीटरचा सरळ तुकडा निवडा, रुंदी मोजा, पाच ठिकाणी खोली मोजून सरासरी काढा, अर्धी भरलेली छोटी बाटली पाच वेळा सोडून वेळ घ्या. पृष्ठभागाचा वेग ०.८५ ने गुणायचा, कारण तळाचं पाणी सावकाश जातं. पाणी चार बोटं उथळ असेल तर ही पद्धत फसते. तिथे मातीचा छोटा बांध घालून सगळं पाणी एका पाइपातून काढा आणि बादलीच वापरा.

नोव्हेंबर ते मे पंधरवड्यातून एकदा. त्यात एकदा पूर्ण चोवीस तास, दर दोन तासांनी. जूनच्या पहिल्या जोराच्या सरीत एकदा आणि पुढे पावसाळ्यात तीन-चार वेळा.

प्रयोगशाळेत बीओडी (घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू खातात तो आकडा) आणि फीकल कोलिफॉर्म (विष्ठेतले जिवाणू), तेही तीन जागांचंच, वर्षातून चार वेळा. बीओडी आपल्याकडे २७ अंशांना ३ दिवसांची करतात. नमुना बर्फात ठेवून सहा-आठ तासांत पोचवा. रात्रीच्या एसटीने पाठवलेला नमुना वाटेतच निम्मा कुजतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला प्राणवायू किमान ५, बीओडी जास्तीत जास्त ३ लागतं. मासे आणि वन्यजीवांसाठी प्राणवायू किमान ४ आणि मुक्त अमोनिया १.२ च्या आत. भिंतीवर लावायला ही दोन उद्दिष्टं पुरेत. जड धातूंवर पैसे घालवू नका, गॅरेजची रांग असेल तिथला गाळ फक्त एकदा तपासा.


पाखाडीवाली :

मनापासून आभार. फेरी झाली, एकूण ३७ तोंडं सापडली, त्यातली १४ वाहती. शनिवारी पहाटे साडेसहाला पाचही ठिकाणी मोजलं. आकडे क्रमाने वाहकता मायक्रोसीमेन्समध्ये, प्राणवायू आणि अमोनिया मि.ग्रॅ. प्रतिलिटर, प्रवाह लिटर प्रतिसेकंद :

१. झऱ्याखाली : ६८, ६.९, ०, ३.०
२. पहिल्या वसाहतीखालचा साकव : ९६, ५.८, ०.२, ३.४
३. स्टँडमागची मोरी : ४१०, १.१, ८, ५.०
४. मासळी बाजाराखाली : ४६५, ०.४, ८, ६.१
५. खाडीचं तोंड : ६२००, ३.१, २, प्रवाह मोजता आला नाही, पाणी उलट येत होतं.

जागा ३ ला त्याच दिवशी दुपारी तीनला प्राणवायू ८.६ आला. पाचव्या जागेचं काय करायचं ते समजत नाही. चौथ्यापेक्षा तिथला प्राणवायू जास्त, म्हणजे खाली वहाळ सुधारतो का?


उत्तर : भांगउधाण

सुधारत नाही, ते समुद्राचं पाणी आहे. समुद्राची वाहकता पन्नास हजारांच्या आसपास, म्हणजे तुमच्या बाटलीत आठवा हिस्सा खारं पाणी होतं. घाण तेवढीच, पातळ झालेली.

शनिवारी अष्टमी होती. आपल्या किनाऱ्याचा जुना हिशेब : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, म्हणून साडेसहाला पाणी चढलेलंच असणार. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी त्याच्या सव्वासहा तास आधी, पहाटे पाचला. पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटं उशीर. प्रतिपदेला ओहोटी सहाच्या आसपास. उधाणाची ओहोटी खोलवर उतरते आणि लहान वहाळाच्या तोंडातलं पाणी समुद्रापेक्षा तास-दीड तास उशिरापर्यंत उतरत राहतं. तेव्हा खालची जागा पौर्णिमा, अमावास्या किंवा त्यानंतरच्या प्रतिपदेला पहाटे घ्या. तुम्हाला पहाटही मिळेल आणि वहाळाचं स्वतःचं पाणीही. हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, छापील भरती-ओहोटीचं वेळापत्रक सोबत ठेवा.

एक अडचण उरते. आदल्या रात्रीच्या उधाणाचं खारं पाणी जड असल्यामुळे खोल कोंडीत तळाशी बसून राहतं, वरून गोडं वाहतं. पेन वर धरलं तर २००, तळाला नेलं तर ९०००. म्हणून खालच्या जागेला दोन आकडे लिहायचे, वरचा आणि तळाचा. बाटलीला दगड बांधून, बुचाला दोरी लावून तळाशी नेल्यावर बूच ओढा. तळाच्या त्या खाऱ्या थराशी हवेचा संबंध तुटलेला असतो, प्राणवायू शून्यावर जातो आणि सल्फेट भरपूर असल्यामुळे कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. बाजाराखालचा वास नुसता मासळीचा नसावा. तळाचं पाणी घेतलंत की कळेल.

अमोनिया मात्र खालीही कामाचा. समुद्राच्या पाण्यात तो जवळजवळ नसतोच. खाऱ्या पट्ट्यात सांडपाणी ओळखायचं तर वाहकता सोडा आणि अमोनिया धरा.

खार किती आत चढते हे एप्रिल-मेच्या उधाणात एकदा नीट मोजून नकाशावर उतरवा. किनारा नियमन क्षेत्राची हद्द वहाळात कुठवर जाते ते वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात, क्षारता हजारी ५ भाग जिथे लागते त्यावर ठरतं. त्या हद्दीत भिंत किंवा भराव घालायचा तर वेगळी परवानगी लागते. निविदा निघण्याआधी हे पुढे आलेलं बरं.


उत्तर : जलमापक

तुमच्या आकड्यांत उत्तर जवळजवळ आलंय. जागा २ आणि ३ मध्ये १.६ लिटर पाणी वाढलं. वाहकतेचा हिशेब मांडा : ५.० गुणिले ४१० वजा ३.४ गुणिले ९६, भागिले १.६. आलं १०७७. म्हणजे मध्ये शिरलेलं पाणी पातळ-बितळ नाही, सरळ सांडपाणी आहे. झरा नाही, गळकी नळवाहिनी नाही. नळाचं पाणी असतं तर वाहकता इतकी चढली नसती.

अमोनियाचा आकडा मात्र जपून घ्या. तुमच्या किटचा शेवटचा रंग ८ चा आहे, म्हणून ३ आणि ४ दोन्हीकडे ८. खरा आकडा त्याहून कितीही जास्त असू शकेल. १ भाग नमुना, ९ भाग डिस्टिल्ड पाणी करून पुन्हा पाहा आणि दहाने गुणा. ८ धरला तरी आत येणाऱ्या पाण्यात तो निदान २५ निघतो. सेप्टिक टँकमधून बाहेर पडणारं पाणी असंच असतं.

१.६ लिटर प्रतिसेकंद म्हणजे दिवसाला १३८ घनमीटर. माणशी १३५ लिटर पुरवठा आणि त्याचे ८० टक्के सांडपाणी, म्हणजे १०८ लिटर धरलं तर १२८० माणसं. पण साडेसहा ही आंघोळीची वेळ, तेव्हा प्रवाह सरासरीच्या दुप्पट असतो. चोवीस तासांच्या मोजणीशिवाय १२८० हा आकडा बैठकीत सांगू नका. सहा-सातशे निघाली तर नवल नाही.

आता २ ते ३ मधली वाहती तोंडं एकेक करून बादलीने मोजा. जी थेंबथेंब वाहतात आणि वास येत नाही, तिथे कापसाची युक्ती करा. नीळ किंवा उजाळा न लावलेल्या कापसाची चकती जाळीच्या पिशवीत घालून पाइपाच्या तोंडाशी तीन-चार दिवस बांधा, सावलीत वाळवा, अंधाऱ्या खोलीत ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली धरा. निळसर-पांढरी चमकली तर धुण्याच्या पावडरीतलं शुभ्रता आणणारं रसायन आलंय, म्हणजे घरातलं पाणी. तीच चकती बांधण्याआधीही टॉर्चखाली बघायची. बाजारातला बराचसा कापूस मुळातच चमकतो आणि मग प्रत्येक पाइप दोषी ठरतो.


उत्तर : कीटकजाळी

वरचं सगळं त्या क्षणाचं पाणी सांगतं. रात्री दोनला टँकर रिकामा केला तर तुमच्या पहाटेच्या बाटलीत काही सापडणार नाही. दगडाखालचे किडे मात्र तिथेच राहतात, गेल्या काही आठवड्यांचा इतिहास त्यांच्यात असतो.

अर्धा मिलिमीटर छिद्रांची जाळी चौकटीला शिवून घ्या. खळाळात जाळी प्रवाहाकडे तोंड करून धरा आणि वरच्या बाजूचे दगड पायाने तीन मिनिटं ढवळा, मोठे दगड हाताने घासा. पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी घालून ओता आणि दोन मिनिटं काहीच करू नका, हालचाल आपोआप दिसू लागते. शेपटीला दोन केसर, छातीखाली आणि मांड्यांशी झुबकेदार कल्ले, चपटं अंग दगडाला चिकटून रांगणारी : ती पाषाणमाशीची अळी, सर्वांत नाजूक. तीन केसर आणि पोटाच्या कडेने पानांसारखे हलणारे कल्ले म्हणजे मेफ्लाय. वाळूचे कण किंवा काडीचे तुकडे चिकटवून नळीत राहणारी कॅडिसफ्लाय. या तिघींपैकी दोन जागा १ ला मिळायला हव्यात. स्टँडच्या मागे बहुधा लालभडक वळवळणारे कायरोनोमसचे किडे, चिखलात डोकं खुपसून शेपटी हलवणारे ट्युबिफेक्स आणि लांब शेपटीच्या उंदीरअळ्या मिळतील. लाल रंग हिमोग्लोबिनचा, प्राणवायू अगदी कमी असतानाही जगण्याची ती सोय.

गुण देण्याची पद्धत ठरलेली आहे : चपट्या मेफ्लायच्या कुळाला १०, जाळं विणणाऱ्या कॅडिसला ५, कायरोनोमसला २, ट्युबिफेक्सला १. गुणांची बेरीज भागिले कुळांची संख्या. केंद्रीय मंडळाच्या जैविक निकषांत ही सरासरी ७ आणि वर म्हणजे स्वच्छ, २ च्या आत म्हणजे अतिगंभीर. मोजदाद कुळापर्यंतच करायची असते, जात ओळखायला बसू नका.

कोकणात दोन फसगती होतात. पुरानंतर लगेच जाळी लावली तर स्वच्छ वहाळही रिकामा लागतो, सगळं वाहून गेलेलं असतं. जोराचा पाऊस संपून तीन-चार आठवडे जाऊ द्या. आणि फेब्रुवारीत आटलेल्या तुकड्यात किडे नसतात ते कोरडं पडल्यामुळे. नोव्हेंबर हाच महिना, साक्षीदार वहाळही त्याच आठवड्यात.

याच्या जोडीला चढणीचे मासे बघा. मृगाच्या पहिल्या पाण्याला खाडीतून कुठले मासे कुठवर चढतात हे वहाळाकाठच्या जुन्या माणसांना विचारा आणि जूनमध्ये स्वतः तपासा. मोरीखाली पाणी फूटभर उंचावरून पडत असेल तर पाणी कितीही स्वच्छ केलंत तरी मासा वर जाणार नाही. अशा प्रत्येक अडथळ्याची उंची सेंटीमीटरमध्ये लिहून ठेवा. ही यादी पुढे फार कामाला येते, कारण तीस सेंटीमीटरची पायरी काढायला दगडांचा उतार पुरतो.

जागा ३ ला गप्पी दिसले तर वहाळ जिवंत झाला असं समजू नका. ते पृष्ठभागावरचा थर पिऊन जगतात.


उत्तर : चिरेबंदी

क्रमाबद्दल लिहितो. तिन्ही मागण्या तुमच्या आकड्यांसमोर ठेवून बघा.

बंधारे. जागा २ च्या वर वनराई बंधारे खुशाल घाला, तिथलं पाणी अडवण्यासारखं आहे. नोव्हेंबरात घाला आणि मे संपण्याआधी काढा, म्हणजे चढणीच्या माशांची वाट मोकळी. २ च्या खाली एकही नको. सेकंदाला पाच लिटर वाहणाऱ्या सांडपाण्याला अडवलं की तो उघडा सेप्टिक टँकच होतो, डास वेगळे. शिवाय जांभा सच्छिद्र, काठच्या विहिरी त्याच पाण्यावर. त्या विहिरींची हायड्रोजन सल्फाइडच्या कुपीने तपासणी आधी करा. ३० ते ३५ अंशांत ४८ तास ठेवून काळी पडली तर विष्ठेचा संसर्ग. वहाळाच्या पाण्याला ती चाचणी लावू नका, ती नेहमीच काळी येणार आणि त्यातून काहीच ठरणार नाही.

काँक्रीट. बाजारात पाणी का भरतं ते आधी मोजा. २०० हेक्टर, तासाला ६० मि.मी. सर, वाहून जाण्याचा गुणांक ०.६ : गुणाकार भागिले ३६०, म्हणजे सेकंदाला २० घनमीटर. आता तुमच्या बाजारातल्या मोरीची रुंदी-उंची घ्या. २ बाय १.५ मीटर असेल तर अडीच मीटर वेगानेही साडेसात घनमीटरच जातं. मग काठ चिरेबंदी केले काय नि काँक्रीटचे केले काय, पाणी मोरीशीच तुंबणार. त्यात उधाणाची भरती गाठली तर खालून वर येणार. गुळगुळीत भिंतीने वरचं पाणी उलट लवकर येऊन बाजारात पोचतं आणि काठातून होणारा उन्हाळी पाझर बंद होतो. झऱ्याचे तीन लिटर हीच तुमच्या वहाळाची उन्हाळ्यातली पुंजी आहे. मोरी रुंद करा आणि सड्यावरचं पाणी थांबवा : जुन्या चिरेखाणी कचऱ्याने भरू न देता पाणी साठवायला ठेवणं हे सगळ्यांत स्वस्त काम.

गाळ. उपसण्याआधी तो कुठून येतो ते बघा. पावसात प्रत्येक जागेचं लिटरभर पाणी उभ्या मोजपात्रात तासभर ठेवा, खाली किती मि.लि. लाल माती बसली ते लिहा. ज्या दोन जागांच्या मध्ये आकडा एकदम वाढतो तिथे डोंगरकापणी, चालू चिरेखाण किंवा उघडा प्लॉट सापडतो. तिथे जूनच्या आत गवत आणि चर झाले नाहीत तर उपसलेला गाळ पुढच्या जुलैत परत हजर. पुराच्या ऐन वेळी नदीत उतरू नका. लोखंडी पाइपाला २०, ४० आणि ६० सें.मी. उंचीवर अरुंद तोंडाच्या बाटल्या बांधून ठेवा, पाणी चढेल तशा भरतात.

म्हणून पहिला पैसा २ आणि ३ मधल्या सांडपाण्याला. इथे लोकांना दोष देऊन भागत नाही. जांभ्याखालच्या चिकणमातीच्या थरावर पावसाळ्यात पाणी इतकं वर येतं की शोषखड्डा शोषतच नाही, उलट भरून येतो. मग टाकीचा पाइप गटाराला जोडला जातो आणि तो ऑक्टोबरात कुणी काढत नाही. मोठ्या इमारतींच्या टाक्या दर दोन-तीन वर्षांनी उपसल्या जातात का ते बघा. गाळाने भरलेल्या टाकीतून मैला जसाच्या तसा बाहेर पडतो. उरलेल्या पाण्यासाठी करदळ, पाणकणीस, वेखंड लावलेली खडीची पाणथळ माणशी दीड चौरस मीटर मागते. साडेसहाशे माणसांना ९७५ चौरस मीटर, जवळपास दहा गुंठे. स्टँडमागे एवढी जागा नसेल तर प्रत्येक मोठ्या इमारतीच्या आवारात तिची-तिची करा, किंवा बागेखाली बंदिस्त टाक्यांची साखळी. खडी २० मि.मी.पेक्षा बारीक घेऊ नका आणि आधी साका बसायची टाकी ठेवा, नाहीतर दोन वर्षांत खडी तुंबून पाणी वरून वाहतं.

झाडं शेवटी, आणि पाण्याच्या रेषेनुसार. पात्रात आणि अगदी कडेला शेरणी आणि वाळुंज, त्यांची मुळं पुरात काठ धरतात. त्यावर करंज, उंबर, जांभूळ. खाऱ्या पट्ट्यात काही लावूच नका. भराव आणि प्लॅस्टिक हटवलं, भरतीचं पाणी मोकळं खेळू दिलं की तिवर आणि चिपीचं बी स्वतः येऊन रुजतं.

सगळ्यात आधी मात्र एक पूर्ण वर्षाची नोंद हातात ठेवा, साक्षीदार वहाळासकट. काम झाल्यावर प्राणवायू वाढला तर तो कामामुळे की त्या वर्षी पाऊस जास्त झाला म्हणून, हे साक्षीदारच सांगेल. ठेकेदाराच्या करारात शेवटचा हप्ता जागा ३ च्या पहाटेच्या प्राणवायूला बांधा : नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सलग आठ फेऱ्यांत ४ च्या वर.


पाखाडीवाली :

चोवीस तासांची फेरी येत्या अमावास्येला घेतो, म्हणजे पाचवी जागाही त्याच पहाटे होईल. करदळीच्या पाणथळीला मे महिन्यात आंबा कॅनिंगचं धुण्याचं पाणी आलं तर चालेल का? बाजाराच्या वरच्या बाजूला दोन युनिटं आहेत.


उत्तर : चिरेबंदी

सरळ घेऊ नका. ते पाणी साखरेचं आणि आंबट, घरगुती सांडपाण्याच्या कितीतरी पट बीओडीचं, आणि ते नेमकं वहाळात सर्वांत कमी पाणी असताना येतं. त्यांच्या आवारात जाळी, मग चुन्याने पीएच सातच्या जवळ, मग निदान दोन दिवस थांबेल अशी झाकलेली टाकी. हे झाल्यावर थोडं थोडं सोडलं तर पाणथळ झेलेल. मेमध्ये तुमची एक फेरी त्या दोन युनिटांच्या वर आणि खाली अशी जादा लावा, आणि ती संध्याकाळी घ्या, यंत्रं धुण्याच्या वेळेला.